वाढत्या अंगाचे दप्तर घेऊ नये

पहिलीत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण २० किलो असते. दप्तर शरीराच्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावे, हा नियम लावला तर त्याच्या पाठीवर जास्तीत जास्त दोन किलो चढवता येतात. या दोन किलोंत पुस्तके, वह्या, कंपास, डबा, पाण्याची बाटली आणि खुद्द दप्तर एवढे सगळे बसवायचे असते. पाऊण लिटर पाण्याने भरलेली स्टीलची बाटली एकटीच किलोभराची होते. त्यात रिकामे दप्तर ८०० ग्रॅमचे निघाले, तर वह्यापुस्तकांच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. म्हणून लहान मुलासाठी दप्तर पाहताना पहिला प्रश्न विचारायचा तो रिकाम्या दप्तराच्या वजनाचा. दुकानात तो क्वचितच कोणी विचारतो. पहिली-दुसरीच्या मुलासाठी ४०० ते ५०० ग्रॅमचे दप्तर चांगले, आणि तेवढ्या वजनात मजबूत दप्तर मिळू शकते.

एक दशांशाच्या या नियमाला आपल्याकडे सरकारी आधार आहे. उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५मध्ये दप्तराच्या ओझ्याबाबत शासननिर्णय काढला, तो याच प्रमाणावर बेतलेला होता. केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणाने इयत्तावार आकडे दिले: पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, आणि बालवाडीला दप्तरच नको. त्याआधी १९९३मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला होता आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना आर. के. नारायण यांनीही सभागृहात दप्तराखाली वाकलेल्या मुलांचा प्रश्न मांडला होता. महाराष्ट्रात २०२३पासून बालभारतीची पुस्तके चार भागांत आली, वह्या कमी व्हाव्यात म्हणून त्यांत कोरी पानेही घातली गेली. ही पाने २०२५मध्ये पुन्हा काढून टाकण्याचे ठरले. धोरणे येतात-जातात, दप्तर मात्र दर जूनमध्ये घ्यावेच लागते.

जड दप्तराने पाठीचे दुखणे जडते, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळेच मुलांची पाठ दुखू लागते, असा खात्रीचा पुरावा त्यात आढळला नाही. तरीही ओझ्याने मूल पुढे झुकते, लवकर थकते, जिना चढताना तोल सांभाळायला त्याची धांदल उडते; हे पाहायला संशोधन लागत नाही. एक दशांश ही व्यवहारातली सोयीची मर्यादा आहे. ती थोडी ओलांडली की लगेच इजा होते, असे नाही.

वजनानंतर माप. दप्तराच्या खरेदीत सर्वांत जास्त चूक इथेच होते, आणि तिच्यामागे काटकसरीची सवय असते. गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, बूट एक नंबर मोठे घेतात, त्याच हिशेबाने दप्तरही ‘पुढची तीन वर्षे चालेल’ असे मोठे घेतले जाते. शर्टाची बाही दुमडता येते, विजारीला आत दोन इंच कापड ठेवता येते. दप्तराला असे काही करता येत नाही. मोठे दप्तर पाठीवरून घसरून खाली लोंबते, चालताना मांड्यांच्या मागच्या बाजूला आपटते आणि त्याचा भार मुलाला मागे ओढतो. तो तोल सावरायला मूल कमरेतून पुढे वाकते. शिवाय रिकामी जागा दिसली की ती भरली जाते, हा घरोघरचा अनुभव आहे.

माप घ्यायला शिवणाची फीत पुरते. मुलाला मान खाली घालायला सांगितली की मानेच्या मुळाशी एक हाड उठून दिसते. तिथून, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना जोडणाऱ्या आडव्या रेषेपर्यंत पाठीची लांबी मोजावी. दप्तराची पाठीला टेकणारी बाजू साधारण एवढीच असावी. पाठीवर चढवल्यावर वरची कड खांद्याच्या वर जाऊ नये, तळ कमरेच्या खाली चार बोटांहून अधिक लोंबू नये आणि रुंदी मुलाच्या पाठीबाहेर जाऊ नये. मूल मागे वळून पाहू शकले पाहिजे आणि त्याचे डोके दप्तराच्या वरच्या कडेला अडता कामा नये. खालच्या बाजूलाही एक मर्यादा आहे. बालभारतीची पुस्तके आकाराने मोठी, जवळपास ए-फोर कागदाएवढी असतात. बालवाडीतले छोटेसे दप्तर पहिलीला कामाला येत नाही ते यामुळेच. त्यात पुस्तके तिरकी कोंबावी लागतात आणि कोपरे दुमडतात. दुकानात जाताना एक पुस्तक, डबा, बाटली आणि अर्थातच मूल बरोबर न्यावे. पहिली-दुसरीला १२ ते १५ लिटरचे दप्तर बहुधा पुरते.

पट्टे दोन हवेत आणि मुलाने ते दोन्ही खांद्यांवर घ्यायला हवेत. एका खांद्यावर अडकवायच्या झोळीवजा दप्तराने भार एकाच बाजूला पडतो. पट्टा किमान दीड-दोन इंच रुंद असावा, म्हणजे तो खांद्यात रुतत नाही. सरळ पट्ट्यापेक्षा छातीकडे किंचित वळण घेणारा पट्टा काखेत कमी घासतो. पट्ट्यातला स्पंज बोटांच्या चिमटीत दाबून पाहावा. दोन्ही बोटे सहज एकमेकांना लागली, तर तो स्पंज महिन्याभरात चपटा होणार हे धरून चालावे. पट्टे आवळायची बक्कले मुलाला स्वतःला ओढता आली पाहिजेत. पहिलीतले मूल शाळेत दप्तर काढते आणि घालते ते एकट्याने. निमुळत्या खांद्यांच्या मुलांचे पट्टे सारखे घसरतात. त्यांच्यासाठी दोन्ही पट्ट्यांना छातीपाशी जोडणारी आडवी पट्टी उपयोगी पडते. दप्तर पाठीलगत राहील इतपत पट्टे आवळलेले असावेत. भार पाठीपासून जितका दूर, तितकी मागची ओढ जास्त. त्यामुळे भरतानाही जड पुस्तके पाठीकडच्या कप्प्यात आणि डबा-कंपास पुढे, हा क्रम ठेवावा.

दप्तर किती टिकेल हे विचारले की दुकानदार आधी कापड दाखवतो. पॉलिस्टर आणि नायलॉन ही दोन मुख्य कापडे. त्यांच्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात: नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. शाळेच्या दप्तरांत ६०० डेनिअरचे पॉलिस्टर सर्रास वापरतात आणि लहान मुलासाठी ते पुरेसे असते. त्याच जाडीचे नायलॉन घर्षणाला जास्त टिकते, पॉलिस्टर उन्हाला जास्त दाद देत नाही. १६८० डेनिअरचे जाड कापड प्रवासी सामानाला शोभते. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा फायदा थोडा आणि वजन जास्त. आकडा मोठा म्हणजे दप्तर चांगले, असे मुळीच नाही.

कारण दप्तर फाटते ते बहुधा कापडात नव्हे, जोडावर. ते पाहायचे तर दप्तर उलटे करावे. धारावीतल्या किंवा मदनपुऱ्यातल्या कारखान्यातून आलेले बिननावाचे दप्तर असो की जाहिरातीतले महागडे, खरी परीक्षा आतून होते. पट्टा वरच्या बाजूला जिथे शिवलेला असतो, तिथे सर्वाधिक ताण येतो. साध्या एका शिलाईवर तो पट्टा लटकत असेल, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो सुटेल. चांगल्या दप्तरात तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असते किंवा जवळजवळ टाके घालून घट्ट पट्टी उमटवलेली असते, जिला कारागीर बारटॅक म्हणतात. पट्ट्याचे खालचे टोक, म्हणजे नवारपट्टी दप्तराच्या तळकोपऱ्याला मिळते ती जागा, दुसरी. तिथे कापडाचा त्रिकोणी तुकडा घालून शिवलेले असेल, तर ओढ एका रेषेत न राहता पसरते. आतल्या शिवणींच्या कडा पायपिंगने बंद केलेल्या असाव्यात. उघड्या कडांचे धागे सुटत जातात आणि एक दिवस शिवणच उसवते. तळाला दुहेरी कापड हवे, कारण दप्तर फरशीवर ठेवले जात नाही, टाकले जाते.

वर, दोन पट्ट्यांच्या मध्ये असलेली छोटी कडी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रिक्षा आणि व्हॅनमधून शाळेत जाणाऱ्या मुलांची दप्तरे अनेकदा वाहनाच्या बाहेर हुकांना टांगलेली असतात, वर्गात ती बाकाच्या खिळ्याला अडकतात. दप्तराचा पूर्ण भार, त्यात खड्ड्यांचे हिसके, हे सगळे त्या कडीवर येते. ती दप्तराच्या शिवणीत खोलवर घेतलेली आहे की वरच्यावर टाचलेली, हे दोन हातांनी जोरात ओढून पाहावे. दुकानदाराला राग आला तर दप्तर बदलून पाहावे.

त्यानंतर चेन. चेनचा क्रमांक म्हणजे बंद दातांची अंदाजे रुंदी मिलिमीटरमध्ये. मुख्य कप्प्याला पाच क्रमांकाची चेन हवीच, आठची असली तर उत्तम. पाठीमागच्या बाजूने रनरवर क्रमांक कोरलेला असतो. चेन कोपऱ्यांवरून अनेकदा मागेपुढे फिरवावी. कापडाची कड किंवा अस्तर रनरमध्ये अडकत असेल, तर ते रोज अडकणार आणि घाईत असलेले मूल ते रोज ओढणार. दोन रनर असलेली चेन बरी. एक निकामी झाला तरी काम चालते. रनरला मोठी कडी किंवा दोरी असेल, तर लहान बोटांना सोपे जाते.

महाराष्ट्रात शाळा उघडतात त्या पावसाच्या तोंडावर, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दप्तराच्या खरेदीत हटकून येतो. कापडाला आतून दिलेल्या लेपामुळे पाणी अडते हे खरे, पण शिवणीच्या भोकांतून आणि चेनच्या दातांतून ते शिरतेच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात अंगभर भिजून घरी येणाऱ्या मुलाच्या वह्या वाचवायच्या, तर वरून घालायचे स्वतंत्र आच्छादन किंवा मागे दप्तरासाठी फुगीर जागा असलेला रेनकोट लागतो. आच्छादन भडक पिवळे किंवा नारिंगी असावे, म्हणजे अंधारून आलेल्या सकाळी वाहनचालकाला मूल दुरून दिसते. दप्तरावर उजेड परतवणारी चकाकती पट्टी असली, तर आणखी चांगले. बाटलीचा कप्पा बाहेरच असावा. आत सांडलेले पाणी पावसापेक्षा जास्त वह्या खराब करते.

पुढच्या बाजूला कार्टूनचा फुगीर, कडक चेहरा बसवलेली दप्तरे मुलांना हवीहवीशी वाटतात. त्यांची आतली जागा कमी, आकार बदलत नाही आणि तो चेहरा चेचला की दुरुस्त होत नाही. हट्ट पुरवायचाच, तर साध्या दप्तराला आवडत्या चित्राची किल्लीकडी लटकवावी. चाकांची दप्तरे आणखी गैरसोयीची: चाके आणि दांडा यांनी रिकामे वजनच वाढते, आणि जिना आला की ते सगळे उचलावे लागते. २०२०च्या धोरणानेही जिन्यावर इजा होण्याच्या भीतीने चाकांची दप्तरे नकोत असेच म्हटले आहे. नव्या दप्तराला प्लास्टिकचा उग्र वास येत असेल तर तेही टाळावे. कप्पे दोन किंवा तीन पुरेत. दर वाढीव कप्प्याबरोबर कापड, चेन आणि वजन वाढते, शिवाय पेन्सिल कोणत्या कप्प्यात हे मूल विसरते.

दप्तर वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. घुसळण्याने आतला लेप सुटतो आणि पांढऱ्या चिकट पापुद्र्यांच्या रूपाने वह्यांना चिकटतो. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या दप्तरांचेही तेच होते. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, उलटे करून, सावलीत वाऱ्यावर वाळवावे. पावसाळ्यात ओले दप्तर रात्रभर बंद ठेवले की बुरशी येते, तेव्हा घरी आल्यावर सगळे कप्पे उघडे टाकण्याची सवय मुलालाच लावावी.

चेन लागत नाही म्हणून दप्तर टाकून देणे हा निव्वळ अपव्यय. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. तो बदलणारा कारागीर बाजारात किंवा स्टेशनबाहेर सापडतो आणि थोड्या पैशांत काम होते. अडखळणाऱ्या दातांवर मेणबत्ती घासली तरी पुष्कळ दिवस निघतात. सुटलेला पट्टाही चांभाराकडे दुहेरी शिवून मिळतो. दर जूनमध्ये मात्र दप्तर पुन्हा मुलाच्या पाठीवर चढवून पाहावे. पट्टे पूर्ण सैल करूनही खांद्याला आवळत असतील किंवा तळ कमरेच्या वर आला असेल, तर दप्तर कितीही धडधाकट असले तरी त्या मुलासाठी ते संपले. धाकट्या भावंडाला देण्यापूर्वी वरच्या शिवणी आणि कडी एकदा ओढून पाहाव्यात.