मक्याला युरिया, मातीला शेण

2025 च्या खरिपात युरियासाठी लागलेल्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. मक्याचा वाढलेला पेरा हे त्यामागचं एक मोठं कारण. इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक आलं आणि कापूस-सोयाबीनच्या रानात मका उभा राहिला. त्यात दुकानात ‘लिंकिंग’, म्हणजे युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. पण मिळालेल्या गोणीतला किती नत्र कणसापर्यंत पोचतो, यावर त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही.

त्यासाठी हिमाचलात, धौलाधारच्या पायथ्याशी पालमपूरला जावं लागेल. तिथल्या कृषी विद्यापीठात 1972 पासून त्याच वाफ्यांत मका आणि गहू आलटून पालटून घेतले जातात. एका वाफ्याला दरवर्षी फक्त युरिया, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला त्याच्या जोडीला शेणखत, तर एकाला काहीच नाही. काहीच न दिलेल्या वाफ्यात आजही थोडाफार मका येतो. नुसत्या युरियाच्या वाफ्याचं उत्पादन मात्र घसरत घसरत शून्यावर आलं. शून्यावर! तिथली जमीन मुळातच आम्लधर्मी. युरियाने आम्लता वाढत गेली, मातीतलं ॲल्युमिनियम मोकळं झालं आणि त्याने मुळं जाळली. शेणखताची जोड मिळालेला वाफा मात्र सर्वाधिक पिकणाऱ्यांत टिकून आहे. माझ्या मते हा प्रयोग प्रत्येक कृषी सहायकाने गावात सांगायला हवा.

आपली काळी जमीन आम्ल नाही, उलट चुनखडीची आहे, त्यामुळे पालमपूरचा शून्य इथे येणार नाही. इथलं दुखणं वेगळं आहे. वर फेकलेला युरिया अशा जमिनीत अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेली माती उरलेला धरून ठेवत नाही. गुडघाभर मक्यात उतरा आणि खालचं पान हातात घ्या. शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळा पट्टा आत उतरत असेल, तर झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्या पानाला देतंय. तुरा पडेपर्यंत हे असंच चाललं तर कणसाच्या टोकाला दाणे भरत नाहीत.

मग सगळं शेणखतावरच करावं का? सेंद्रियवाल्या मित्रांना हा हिशेब आवडणार नाही. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतो, तर टनभर शेणखतात जेमतेम 5 किलो, आणि त्यातलाही थोडाच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. महिन्याभराच्या मक्याची भूक एवढ्यावर भागत नाही. शेणखताचं खरं काम नत्र पुरवण्याचं नाहीच. ते मातीला ओल धरायला लावतं, जस्तासारखी अन्नद्रव्यं देतं आणि युरियाचा नत्र मुळांजवळ टिकवतं. गोठा रिकामा झालेल्या घरांना हे सांगणं कठीण आहे, याची मला जाणीव आहे. पण रानात मेंढ्या बसवायची जुनी रीत अजून मोडलेली नाही. सरकार 266 रुपये 50 पैशांत युरियाची गोणी देतं, त्याच्या जोडीला शेणखतासाठीही पैसा ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं.

येत्या हंगामासाठी एवढं करा. हेक्टरी 10 टन शेणखत पेरणीआधी मातीत मिसळा, पण ते पुरतं कुजलेलं हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते, आणि ते कुजताना मातीतला नत्रही ओढून घेतं. स्फुरद-पालाश पेरणीलाच द्या. युरिया एकदम ओतू नका. एक तृतीयांश पेरताना, एक तृतीयांश तिसाव्या दिवशी आणि उरलेला चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी द्या. वाफसा असताना द्या आणि मातीआड करा.