मावशी कोणत्या भाषेत बोलतात?

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर एकाच साच्यातले फलक लागतात. फुगे, इंद्रधनुष्य, हसरा जिराफ आणि खाली ठळक अक्षरांत ‘बायलिंग्वल प्रीस्कूल’. पूर्वी ‘इंटरनॅशनल’वर भागायचं. आता पालकांना इंग्रजी हवीच असते, पण मराठी सुटल्याची टोचणीही नको असते. दोन्हींवर इलाज म्हणून हा शब्द बाजारात खपतो.

त्यात भाषेचा विषय आपल्याकडे अजून गरम आहे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय आणि जूनमधली त्याची सुधारित आवृत्ती, दोन्ही सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले. मधल्या अडीच महिन्यांत सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपेल का, यावर घराघरांत कडाक्याचे वाद झाले. गंमत अशी की त्याच घरांतलं अडीच-तीन वर्षांचं पोर सकाळी ज्या शाळेत जातं, तिथे गाणी इंग्रजीत, ‘संस्कार’ मराठीत आणि व्हॅनमधल्या गप्पा हिंदीत चालतात. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वर्षाला लाखाच्या पुढे जाणारी फी मात्र बिनतक्रार भरली जाते.

प्रश्न तीन भाषा झेपण्याचा नाहीच. लहान मुलांना भाषा झेपतात. त्या त्यांना कोण देतं, कशी देतं आणि किती वेळ देतं, हे बघायचं राहून जातं.

कान तयार असतो, पण

माहितीपत्रकांत ‘मेंदूच्या विकासाची सुवर्णसंधी’ वगैरे जे छापलेलं असतं, त्याच्या मुळाशी असलेल्या प्रयोगांपैकी एक आपल्याच अक्षरांवर झालेला आहे. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ता’ आणि ‘टा’ ऐकवले. आवाज बदलला की एक खेळणं हलायचं. बदल कळला तर बाळ मान वळवणार. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा कळत नाही आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकीही फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र तो नीट कळत होता. जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यासाठीचा कान पहिल्या वर्षातच मंद होऊ लागतो.

इथपर्यंतची गोष्ट विक्रेत्यांना आवडते. पुढची ते सांगत नाहीत. सिएटलमधल्या पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. साधारण पंचवीस मिनिटांची एक बैठक, अशा बारा बैठका. एका गटासमोर जिवंत माणूस बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलत होता. दुसऱ्या गटाला तोच मजकूर पडद्यावर दाखवला, तिसऱ्याला फक्त ऐकवला. माणसासमोर बसलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक तैवानच्या बाळांइतका कळू लागला. पडदा आणि नुसता आवाज यांचा काहीही उपयोग झाला नाही. वर्गातल्या स्मार्ट बोर्डचं कौतुक ऐकताना हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

राहिला तो ‘द्विभाषिक मुलं जास्त हुशार’ हा दावा. टोरांटोच्या एलन बियालिस्टोक यांच्या अभ्यासांमुळे तो गाजला. पण पुढे मोठ्या प्रमाणावर झालेल्या अनेक अभ्यासांत तसा फायदा दिसलाच नाही. दोन भाषा येणं ही स्वतःच इतकी चांगली गोष्ट आहे की तिला हुशारीची फोडणी द्यायची गरज नाही.

जरा आकडेमोड

तीन वर्षांचं मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला चौऱ्याऐंशी तास. शाळा तीन तासांची, आठवड्यातून पाच दिवस. झाले पंधरा तास, म्हणजे जागेपणाचा पाचवा हिस्साही नाही. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या बार्बरा पिअर्सन यांच्या गटाला असं आढळलं होतं की एखादी भाषा मुलाच्या वाट्याला एक पंचमांशाहून कमी येत असेल, तर मूल ती समजून घेतं, पण बोलायला टाळतं.

म्हणजे घरात, शेजारात, आजोळी कुठेच नसलेली भाषा शाळेने सगळे पंधरा तास ओतली तरी मूल ती बोलू लागेल याची खात्री नाही. त्यातही डबा, शी-शू, रडारड, रांगा आणि वाढदिवस वजा करा. एकट्या प्रीस्कूलने मूल द्विभाषिक होत नाही. शाळा घराला हातभार लावते, इतकंच.

यातून निवडीचा एक सोपा नियम निघतो. घरात जी भाषा कमी पडते, तिला बळ देणारी शाळा बघावी. आईबाप दोघेही मुलाशी इंग्रजीतच बोलत असतील, आणि ठाणे, कोथरूड, औंधमध्ये अशी मराठी घरं आता पुष्कळ आहेत, तर त्या मुलाला मराठी बालवाडीची खरी गरज आहे. इंग्रजी त्याला घरातूनच मिळते आहे. उलट आजी-आजोबांसह घर पूर्ण मराठी असेल, तर शाळेतली थोडी इंग्रजी त्याचं काही बिघडवत नाही. आई मराठी, बाबा तमिळ अशा घराने आधी त्या दोन भाषा सांभाळाव्यात. शाळेने तिसरीची घाई करू नये.

पाळणाघराचं गणित वेगळं. दिवसाचे नऊ तास मूल तिथे असेल, तर आठवड्याचे पंचेचाळीस तास झाले, जागेपणाच्या निम्म्याहून जास्त. तिथली भाषा ही मुलाची भाषा होणारच. आणि पाळणाघरात दिवसभर बोलतं कोण? मावशी.

डब्याच्या सुट्टीतला धडा

ठाण्यातल्या एका प्रीस्कूलमध्ये मला वर्गात बसू दिलं. टीचर तरुण, उत्साही. चित्रांचे तक्ते दाखवत होती. ‘एलिफंट, हत्ती. टायगर, वाघ.’ मुलं सुरात ओरडत होती. तेवढ्या वेळात एकाही मुलाने स्वतःचं असं एक वाक्य उच्चारलं नाही. मग डब्याची सुट्टी झाली. एक चिमुरडी न उघडणारा डबा घेऊन कोपऱ्यातल्या मावशींकडे गेली.

“अगं, आईने दाबून लावलंय वाटतं. तू खालून धर, मी फिरवते. हां! पोहे! शेंगदाणे खाणार की बाजूला काढू?”

“काढ. ते कडक आहेत. दाताला टोचतात.”

“कुठल्या दाताला? दाखव बघू.”

त्या सकाळी मी ऐकलेला भाषेचा सगळ्यात चांगला तास हा होता. प्रश्न, उत्तर, कारण, तक्रार, सगळं त्यात होतं. या मावशींचा पगार शाळेत सगळ्यात कमी आणि माहितीपत्रकात त्यांचा फोटोही नाही. काही ठिकाणी तर मावशींना मुलांशी ‘इंग्लिशमध्येच’ बोलायची ताकीद असते. मग त्या ‘बेबी, कम, सिट, नो’ एवढ्यावर येतात आणि मुलाच्या वाट्याची भरघोस भाषा चार शब्दांवर येऊन थांबते. माझं मत विचाराल तर हा सरळसरळ तोटा आहे, आणि त्यासाठी पालक वर पैसे मोजतात.

मावशींसारखं मुलांशी बोलणं महाराष्ट्राला नवं नसावं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून इथल्या मातीतली, स्वस्त साधनं घडवली. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांसह वारली मुलांसाठी काम केलं. त्या मुलांच्या घरात वारली बोली होती, शाळेतली मराठी त्यांची दुसरी भाषा. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. मुलाच्या जगण्यात शिरून त्याच्याशी बोलायचं, हा त्यांचा धडा होता. आजच्या वातानुकूलित वर्गांनी तो गिरवायला हरकत नाही.

तपासायला कुणी येणार नाही

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्याचं अकरावं कलम सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ इतकंच म्हणतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, पण गल्लीतल्या प्रीस्कूलच्या वर्गात ते डोकावत नाही. तपासणी पालकांनीच करायची आहे.

तेव्हा विचारा. टीचर किती वर्षं इथे टिकल्या आहेत? दर सहा महिन्यांनी माणूस बदलत असेल तर भाषेचा धागा तुटतो. एका टीचरकडे किती मुलं? गोष्ट सांगितली जाते की लावली जाते? मूल मराठीत बोललं तर त्याला इंग्रजीत ‘दुरुस्त’ करतात का? मूल रडलं की त्याला कुठल्या भाषेत जवळ घेतात?

‘मला रेड बॉल पाहिजे’ अशा सरमिसळीला घाबरू नका. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द थोडे कमी असू शकतात, दोन्हींचे मिळून मोजले की बरोबरी होते, हेही मायामीतच दिसलं. मात्र दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘दोन भाषांमुळे होतंय’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आणि फी भरण्याआधी शाळेकडे एकच मागणी करा. डब्याच्या सुट्टीत तासभर कोपऱ्यात बसू द्या. मुलं मोठ्यांशी पूर्ण वाक्यांत बोलत असतील, मग ती मराठी असोत की इंग्रजी, तर खुशाल प्रवेश घ्या. बसूच देत नसतील, तर त्या शाळेचं नाव यादीतून काढून टाका.