मानेवरचा काळेपणा घासून का जात नाही? त्वचा आणि आपल्या घरचं जेवण

आम्ही गेली अनेक वर्षे नववी-दहावीच्या मुलींना शिकवतो. पालकसभा संपली की एखादी आई हळूच थांबते आणि मुलीच्या चेहऱ्याबद्दल बोलते. तोंडावर पुरळ येतात, रंग उतरला आहे, मान काळी पडली आहे. पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "आता दोन-तीन वर्षांत पैगाम यायला लागतील, काय लावू?" विचारणा नेहमी 'काय लावू' हीच असते. 'काय खाऊ घालू' असं फार कमी आया विचारतात. म्हणून आज त्याच दुसऱ्या प्रश्नावर लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ सांगतो. कोणत्याही खाण्याने माणूस गोरा होत नाही. त्वचेचा मूळ रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे ठरतो आणि ते किती तयार व्हायचं हे आईवडिलांकडून आलेलं असतं. गरोदरपणात केशराचं दूध प्यायल्याने बाळ गोरं होतं, ही समजूत घरोघरी आहे, पण तिला आधार नाही. आहार रंग बदलत नाही. तो बदलतो त्वचेची तब्येत, म्हणजे तिचा मऊपणा, जखम भरण्याची ताकद आणि कोरडेपणा. काही प्रमाणात मुरुमांवरही त्याचा परिणाम होतो. आणि आपल्या शरीरात आत काही बिघडलं असेल, तर ते सर्वात आधी बऱ्याचदा त्वचेवरच दिसतं.

काळी मान म्हणजे मळ नव्हे

अनेक मुलींची, आणि आता मुलांचीही, मान मागच्या बाजूने काळपट, जाडसर आणि हात लावला तर मखमलीसारखी लागते. काखेत, कोपरांवर, बोटांच्या पेरांवरही तसंच दिसतं. घरी त्याला मळ समजतात. मग दगडाने, लिंबाने, बेसनाने घासणं सुरू होतं. घासून कातडी सोलली जाते, पण काळेपणा जात नाही, कारण तो वरून बसलेलाच नसतो.

पुष्कळदा त्याचं मूळ इन्सुलिनमध्ये असतं. आपण गोड किंवा मैद्याचं खाल्लं की रक्तात साखर वाढते आणि ती पेशींत पोहोचवायला शरीर इन्सुलिन सोडतं. वजन वाढलेलं, हालचाल कमी आणि गोड-मैदा सतत पोटात, असं चालू राहिलं की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं, त्यामुळे त्या जागेची कातडी जाड आणि काळी होते. म्हणजे ही मान पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची आगाऊ सूचना असू शकते. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओडीही असू शकतो. अशा वेळी ब्यूटी पार्लर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील साखर तपासून घ्या. वजन आणि साखर आटोक्यात आली की काही महिन्यांत हा काळेपणा बऱ्याच जणांचा कमी होतो.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असलेली उत्तम. आता आपल्या घरचा हिशेब मांडून बघा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला की आठ चमचे तिथेच झाले. कोल्ड्रिंकच्या 300 मिलीच्या एका बाटलीत 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यावर बेकरीची खारी, नानखटाई, टोस्ट वेगळेच. शादीच्या दावतीतलं मीठा तर यात धरलेलंच नाही.

मुरुमांचाही याच्याशी संबंध आहे. वयात येताना हार्मोन बदलतात म्हणून मुरुमं येतात. तो कोणाचा दोष नाही आणि घाणीमुळेही ती येत नाहीत. पण साखर आणि मैद्याने इन्सुलिन वारंवार चढलं की त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. 2007 साली ऑस्ट्रेलियात मुरुमं असलेल्या तरुण मुलांवर 12 आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना साखर झपाट्याने न वाढवणारं जेवण दिलं, त्यांची मुरुमं इतरांपेक्षा जास्त कमी झाली. तेव्हा मुलीला रोज नवीन फेसवॉश आणून देण्याआधी तिची दुपारची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक बंद करून तीन महिने बघा.

ज्वारीने शिकवलेला धडा

अन्नाचा त्वचेशी किती जवळचा संबंध आहे, याचं एक उदाहरण आपल्याच दख्खनचं आहे. पेलाग्रा नावाचा एक आजार असतो. त्यात उन्हाला उघड्या राहणाऱ्या जागी, म्हणजे हातांवर, पावलांवर, गळ्याभोवती कातडी काळी पडते, भाजल्यासारखी होते, सोलते. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. पुढे जुलाब लागतात, डोक्यावरही परिणाम होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा आजार पसरला, तेव्हा लोक त्याला साथीचा रोग समजत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914-15 च्या सुमारास अनाथालयांतील मुलांना दूध, अंडी, मांस, डाळी-शेंगा देऊन दाखवून दिलं की हा संसर्ग नसून जेवणातली कमतरता आहे. ती कमतरता नायासिन या जीवनसत्त्वाची होती, हे 1937 मध्ये कळलं.

हैदराबादच्या आसपास मात्र मका नव्हे, तर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत हा आजार दिसत होता. तिथल्या पोषण संशोधनशाळेत, जी आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायासिनच्या कामात अडथळा आणतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

याचा अर्थ ज्वारी वाईट, असा घेऊ नका. भाकरी हे आपलं उत्तम अन्न आहे आणि मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी सरस आहे. धडा एवढाच की नुसत्या भाकरी-मिरचीवर शरीर चालत नाही. भाकरीसोबत डाळ, शेंगदाण्याची चटणी, अंडं, दूध किंवा सालन असेल तर हा आजार जवळही फिरकत नाही. आपल्या नानी-दादी भाकरीबरोबर अंबाड्याची भाजी आणि दालचा वाढत होत्या, ते ताट आजही पूर्ण आहे.

कोणत्या पदार्थाने काय होतं

त्वचा साधारण महिनाभरात आपला वरचा थर नवा करते. त्यासाठी कच्चा माल रोजच्या जेवणातूनच येतो. त्यातला मुख्य भाग पुढे देत आहोत.

प्रथिने: त्वचेला ताण आणि बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिनच आहे. अंडी, मासे, चिकन, मटण, दूध, दही, तूर-मसूर-मुगाच्या डाळी, हरभरा, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात. बाजारातली महागडी कोलॅजन पावडरही पोटात गेल्यावर आधी पचते आणि तिचे तुकडेच होतात. रोजच्या अंड्या-डाळीतूनही शरीराला कोलॅजनसाठी लागणारा माल मिळतो.

क जीवनसत्त्व: याच्याशिवाय कोलॅजन नीट विणलं जात नाही. पूर्वी लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उघडायच्या. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना वेगवेगळ्या गोष्टी देऊन पाहिल्या. संत्री आणि लिंबं मिळालेले खलाशी सर्वात लवकर बरे झाले. आपल्याकडे आवळा आणि पेरू यात सर्वात पुढे आहेत. एक मध्यम पेरू दिवसाची गरज सहज भागवतो. लिंबू मात्र शिजवताना न घालता ताटात वरून पिळा, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं.

अ जीवनसत्त्व: याची कमतरता असेल तर दंडावर, मांड्यांवर बेडकाच्या कातडीसारखे खरखरीत दाणे येऊ शकतात. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, अंडी, दूध यांतून ते मिळतं. भाजीत थोडं तेल हवंच, कारण हे जीवनसत्त्व चरबीसोबत शोषलं जातं. कलेजीत ते भरपूर असतं, म्हणून ती कधीतरी खायला छान, पण गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

लोह: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. 15 ते 19 वयाच्या मुलींत तर हे प्रमाण 59 टक्के होतं. फिका, निस्तेज चेहरा, गळणारे केस, ठिसूळ नखं ही त्याची खूण. ज्याला आपण 'रौनक गेली' म्हणतो, ते बऱ्याचदा रक्त गेलेलं असतं. खिमा, मटण, मासे, पालेभाज्या, हरभरे, तीळ, अळीव खा. खजूर चांगला आहे, पण नुसत्या खजुरावर रक्त भरून येत नाही. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका, कारण चहा लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. त्याऐवजी जेवताना लिंबू घ्या, त्याने लोह जास्त अंगी लागतं.

चांगली चरबी: ओमेगा-3 त्वचेचा ओलावा टिकवायला मदत करतं. कोकणातल्या घरांत बांगडा आणि तारली आहेतच. घाटावर जवसाची चटणी करा. महागडे मासे किंवा विदेशी बिया आणायची गरज नाही.

जस्त: जखम लवकर भरायला हे लागतं. मटण, अंडी, डाळी, तीळ, शेंगदाणे यांत ते असतं.

रमजानमध्ये काय करावं

रोज्याच्या दिवसांत अनेकांची त्वचा कोरडी पडते, ओठ फाटतात. इफ्तारला एकदम तीन ग्लास शरबत प्यायल्याने ते भरून निघत नाही, साखर मात्र भरपूर जाते. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं साधं पाणी प्या. खजुराने रोजा सोडला की पुढे फळं, भिजवलेले हरभरे किंवा मुगाची चाट घ्या. समोसे-भजी रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. सहरीला अंडं, दही, भाकरी-सालन असेल तर दिवस सुसह्य जातो.

काही गैरसमज

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतो, असं आपल्यात पक्कं मानलं जातं. कोड येतो तेव्हा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात मासे-दुधाचा हात नाही. कोड स्पर्शाने पसरतही नाही. या एका गैरसमजामुळे किती मुलींची लग्नं मोडली असतील, याचा विचार करा.

लहान मुलांच्या गालावर फिकट पांढुरके चट्टे दिसले की 'जंत झालेत' किंवा 'कॅल्शियम कमी आहे' म्हणतात. बहुतेक वेळा तो कोरडेपणाचा सौम्य त्वचाविकार असतो आणि साधा ओलावा टिकवणारा मलम लावल्याने तो हळूहळू जातो. चट्टा एकदम पांढराशुभ्र असेल, तिथे स्पर्श कळत नसेल किंवा तो वाढत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

ट्यूबमधला धोका

आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती या गोष्टीची. शेजारणीने सांगितलं, मेडिकलवाल्याने दिलं म्हणून मुली स्टिरॉइडची क्रीम महिनोन्महिने चेहऱ्याला लावतात. आठ दिवसांत चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात, मुरुमं फुटतात, आणि क्रीम थांबवली की आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइडच्या मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करायला मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतातच. बिना लेबलच्या, बाहेरून आलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पाराही सापडला आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला आजार झाल्याचं नोंदवलं आहे. लावली चेहऱ्याला आणि बिघडली किडनी, असा हा सौदा आहे.

एखादी मुलगी आधीपासून अशी क्रीम लावत असेल तर तिला रागवू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी नाममात्र खर्चात होते.

शेवटी आयांना आणि आपांना एवढंच सांगायचं आहे. घरात अंडं आणि मटणाचा तुकडा आधी मुलाच्या ताटात जातो आणि मुलगी उरलेल्या रश्शात भाकरी बुडवून उठते, हे अजूनही अनेक घरांत घडतं. मग सोळाव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर रौनक नाही म्हणून क्रीम आणली जाते. या महिन्यात त्या ट्यूबचे पैसे बाजूला काढा आणि त्यात पेरू, अंडी आणि शेंगदाणे आणा. मुलीला दस्तरख्वानवर भावाच्या बरोबरीने वाढा, तिची एकदा रक्ततपासणी करा. पैगाम घेऊन येणाऱ्यांनी रंग विचारला, तर तिच्या तब्येतीबद्दल आणि शिक्षणाबद्दल सांगा. तिच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.