अपिलाची मुदत चुकवू नका

बांधावरून किंवा विहिरीच्या पाळीवरून भांडण होते, काठ्या निघतात, खटला चालतो आणि मॅजिस्ट्रेट शिक्षा सुनावतात. घरची मंडळी म्हणतात, "सोयाबीनची रास होऊ द्या, मग अपिलाचं बघू." रास होते, पण मुदत निघून जाते. मग कोर्ट अपील दाखल करून घ्यायलाच नकार देऊ शकते. माणूस दोषी की निर्दोष, हा प्रश्न पुढे येतच नाही.

शेतकरी बंधूंनो, रेणापूर तालुक्यातील खटल्यात मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, तर अपील लातूरच्या सत्र न्यायालयात 30 दिवसांत करावे लागते. सत्र न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली, तर उच्च न्यायालयात जाण्यास 60 दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. कैदेची शिक्षा झालेल्यास नक्कल लगेच आणि फुकट मिळते. ती मागून घ्यावी.

नक्कल किती मोलाची, हे होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिसले. 1973 साली मुंबई उच्च न्यायालयाने होस्कोट यांना 3 वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात जायला त्यांना चार वर्षांहून अधिक उशीर झाला. नक्कल येरवडा तुरुंगात पाठवली होती, असे सरकारी बाजूचे म्हणणे. मला मिळालीच नाही, असे कैद्याचे. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. 1978 मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. परंतु नक्कल वेळेत कैद्याच्या हाती देऊन त्याची लेखी पोच घ्यावी, आणि गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळावा, असे न्यायालयाने त्याच निकालात बजावले.

तुरुंगातील माणसाला तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येते. उशीर झालाच, तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद लावावेत. नुसते "शेतीची कामे होती" म्हणून भागेल, असे धरून चालू नये.

तारखेला वकील आला नाही म्हणून दिवाणी अपील काढून टाकले जाऊ शकते. फौजदारी अपील मात्र केवळ तेवढ्यावरून फेटाळता येत नाही. कागदपत्रे पाहूनच निकाल द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले आहे. तरीही तारीख चुकवू नये. जामिनावरचा माणूस गैरहजर राहिला तर वॉरंट निघू शकते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कैदेत असलेले आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना मोफत वकील मिळतो. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

निकाल लागला की त्याच रात्री कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला खूण करा. सुगीची कामे घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवता येतील. अपिलाचा दिवस पुढे ढकलता येत नाही.