नुसतं पाणी घशाखाली उतरत नाही!

‘‘मला नं, नुसतं पाणी जातच नाही बाई!’’ हे वाक्य आपण प्रत्येकीनं कुठं ना कुठं ऐकलेलं असतं. कुणाची जाऊ म्हणते, कुणाची शाळेत जाणारी लेक म्हणते, तर कुणाच्या सासूबाई. मग पाण्याऐवजी यांना चालतं तरी काय? कुणाला सरबत, कुणाला ताक, कुणाला बाटलीतलं रंगीत थंड पेय आणि बऱ्याच जणींना दिवसातून पाच वेळा चहा! घरातली माणसं म्हणतात, ‘‘नखरे आहेत सगळे. तहान लागली की पिईल मुकाट्यानं.’’

बचत गटाच्या कामानं माझं घराघरांत, शाळांत जाणं होतं. बायका एकदा मोकळ्या झाल्या की पाण्यावर खूप बोलतात. त्यांचं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की पाणी आवडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकीचं कारण वेगळं असतं. कुणाच्या बाबतीत ते जिभेत असतं, कुणाच्या बाबतीत पाण्यातच असतं आणि कितीतरी जणींच्या बाबतीत ते तिसऱ्याच ठिकाणी दडलेलं असतं.

आधी पाण्याचंच बघू. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही असं आपण शाळेत घोकलं. पण आमच्या दर्यापूर भागातल्या बाईला हे सांगून बघा, हसेल ती! अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरलाय. इथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात घेतलं की खारट, मचूळ लागतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून तर आपल्या बोलीत चांगल्या पाण्याला ‘गोड पाणी’ म्हणतात. त्यात साखरेचा कण नसतो, पण खारं नाही ते गोड, हा हिशेब पिढ्यान् पिढ्यांचा आहे. आता सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर, वान या धरणांचं पाणी कितीतरी गावांत नळानं येतं. पण ज्या दिवशी नळ येत नाही, त्या दिवशी पुन्हा बोअरच.

ही चव येते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक २०१२ साली ठरलं, त्यात एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, अशी सवलत आहे. म्हणजे ‘चालेल’ म्हटलेल्या दोन गावांच्या पाण्यातही केवढा फरक असू शकतो बघा! नवी नवरी सासरी येते आणि म्हणते, ‘‘इथलं पाणी मला लागत नाही,’’ तेव्हा ती उगाच माहेरचं कौतुक करत नसते. जीभ लहानपणापासून ज्या पाण्याला सरावते, तेच तिला बिनचवीचं वाटतं. बाकी सगळ्या पाण्यांना चव असते! आरओ मशीनचं पाणी पिऊन वाढलेल्या पोरांना आजोळी गेल्यावर पाणी खारं लागतं आणि आजीला त्यांच्या घरचं पाणी पांचट लागतं. दोघंही खरंच बोलतात.

जिभेची आणखी एक गंमत आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. आवळा खाऊन वर पाणी प्या, काय गोड लागतं! पाणी तेच असतं. जिभेला जी चव आधी मिळालेली असते, तिच्यावर पुढची चव ठरते. म्हणूनच लाडू खाऊन चहा प्यायला की चहा अगोड वाटतो. दिवसभर गोड पेयं पिणाऱ्या मुलाला साधं पाणी बेचव, कधी कधी कडसर वाटतं, त्याचं कारण हेच. त्याला रागावून उपयोग नाही, कारण त्याची जीभ त्याला तसंच सांगत असते. पण ही सवय मोडता येते. सरबतातली साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत गेलं की जीभही हळूहळू तयार होते. एकदम बंद केलं तर मात्र घरात रणकंदन ठरलेलं!

साखरेचा हिशेबही एकदा मांडूनच टाकू. बाटलीतल्या गोड कोलासारख्या पेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. पाव लिटरची छोटी बाटली रिकामी झाली की पाच-सहा चमचे साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आता आपल्या चहाचे कप मोजा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे. चहातलं पाणी शरीराला मिळतं हे खरं, पण सोबत ४०-५० ग्रॅम साखरही येते. मधुमेहाचं औषध सुरू असलेल्या घरात हे गणित फार महाग पडतं.

तसं पाहिलं तर पाण्याला चव लावणं आपल्याला नवीन नाही. माठात वाळ्याची जुडी टाकणं, मोगऱ्याचं फूल सोडणं, तुळशीची पानं घालणं आपल्या आज्याही करत होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं लागतंच. कोकणात कोकम आहे, आपल्याकडे पातळ ताक आहे. यातलं काहीही वाईट नाही. फक्त चव वेगळी आणि साखर वेगळी, हे लक्षात ठेवायचं. वाळा, पुदिना, लिंबाची फोड, आल्याचा तुकडा यांनी पाण्याला चव येते, साखर येत नाही. गरोदरपणात मळमळीमुळे नुसतं पाणी नको होतं, तेव्हा लिंबाच्या वासाचं गार पाणी घोट घोट बरं वाटतं.

काही तक्रारींवर उपाय घरातच असतो. नळाच्या पाण्याला औषधाचा, म्हणजे क्लोरीनचा वास येतो म्हणून मुलं नाक मुरडतात. तो वास जंतू मारणाऱ्या औषधाचा आहे. नळाच्या शेवटच्या टोकाशीसुद्धा लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, असा नियमच आहे. पसरट भांड्यावर स्वच्छ फडकं बांधून पाणी तासभर ठेवलं की वास बराच कमी होतो. उकळलेलं पाणी सपक लागतं, कारण उकळताना त्यातली हवा निघून जाते. गार झाल्यावर एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा ओतलं की चव सुधारते. आणि माठातलं गार पाणी तर कुणालाही जातं.

पण मैत्रिणींनो, गोड लागतं ते चांगलंच, असं मात्र समजू नका. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असलं तरी जिभेला कळत नाही. थंडगार जारचं पाणी गार आहे एवढंच आपल्याला कळतं, शुद्ध आहे की नाही हे तपासल्यावरच कळतं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद केली गेली. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत जरूर विचारा.

आता ते तिसरं कारण. हे कारण बायका लवकर सांगत नाहीत.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी आठवीत होती. ताईची तक्रार, ‘‘पोरगी साधं पाणी पितच नाही. म्हणून मी बाटलीत सरबत भरून देते, तर तेही अर्धं परत आणते.’’ हे ऐकून मला वाटलं, कारण चवीचं असतं तर सरबताची बाटली रिकामी यायला हवी होती. त्यातच मुलीला लघवीच्या जळजळीसाठी दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. मी तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, ‘‘काकू, पानी पेलं का मंग जा लागते. अन् जाचं कुठी?’’

आम्ही चौघी शाळेत गेलो. मुलींसाठी दोन शौचालयं होती. एकाला कुलूप, किल्ली ऑफिसमध्ये. सरांकडे किल्ली मागायची म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं, ते कोण करणार? दुसऱ्यात पाण्याचा थेंब नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही शाळेची अट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शाळांमध्ये या सोयी करायला सांगितलं होतं. कागदावर आमच्या त्या शाळेतही सोय होतीच की!

भांडण न करता बोलणी केली. किल्ली मुलींच्या वर्गात खिळ्याला टांगायची, असं ठरलं. गटानं एक ड्रम, दोन बादल्या आणि मग दिले. पाणी रोज भरलं जातं का, हे बघायला आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी चक्कर मारते. ती मुलगी आता साधं पाणी नेते आणि बाटली बहुतेक वेळा रिकामी आणते. पण पुढच्याच गावातल्या शाळेत अजून आमचं काही जमलेलं नाही. तिथल्या मुली घरी येऊनच पाणी पितात.

आणि हे काही शाळेपुरतं नाही. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सांगतात, ‘‘बाई, वावरात कायचा संडास? दिवसभर पानी पेतच नाही आमी. सांजच्याले घरी गेल्यावर पेतो.’’ बाजारात भाजी विकणारी, एसटीनं लांबच्या गावाला जाणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी, सगळ्यांचं हेच. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ नावाची चळवळ बायकांना याच हक्कासाठी उभी करावी लागली, मग तालुक्याच्या गावाची काय कथा! घरातल्या म्हाताऱ्यांचंही तसंच. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते हे एक, पण रात्री उठून अंगणातल्या संडासापर्यंत जायची भीती हे दुसरं. त्या म्हणतात, ‘‘मला पाणी नको वाटतं.’’ आपण समजतो, आवडत नाही.

बायकांमध्ये मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतुसंसर्ग लवकर होतो. कमी पाणी पिणं आणि लघवी धरून ठेवणं, दोन्हींनी तो वाढतो. मुतखड्याचा त्रासही कमी पाण्यानं बळावतो. तहान पुढं ढकलता येते, पण शरीर त्याची वसुली करतंच.

मग किती प्यायचं? आठ ग्लास वगैरे काही दगडावरची रेघ नाही. ऊन, काम, वय यांवर ते ठरतं. साधी खूण म्हणजे लघवीचा रंग फिकट पिवळा हवा, गडद झाला की पाणी कमी पडतंय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं. आणि कितीही प्यायलं तरी तहान भागत नसेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

तेव्हा घरात कुणी ‘पाणी जात नाही’ म्हणालं तर रागावण्याआधी तीन गोष्टी विचारा. पाण्याला वास किंवा खारटपणा आहे का? दिवसभरात गोड किती वेळा पोटात जातं? आणि प्यायल्यावर जायला जागा आहे का? पहिल्या दोन्हींची उत्तरं आपल्या स्वयंपाकघरात सापडतील. तिसऱ्यासाठी घराबाहेर पडावं लागेल. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. शहरात राहत असाल तर तुमच्या प्रभागातल्या नगरसेविकेला किंवा नगर परिषदेत विचारा. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे, त्याला पाणी आहे का आणि किल्ली कुणाकडे असते, एवढंच विचारायचं. लाजू नका, एकटीनं जाऊही नका. चौघी मिळून जा.