पेन आणि पत्र

गेल्या रविवारी मुलीला आजीला पत्र लिहायला बसवले. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात, मराठी नाही. त्यामुळे हिंदीच्या कृपेने तिला देवनागरी येते, पण 'ळ' आला की गाडी अडते. दोन ओळींतच पेन खाली ठेवून म्हणाली, "बाबा, फोनवरच बोलते ना! पत्र कशाला?" आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही; पत्र मात्र ती भिंगातून चार-चारदा वाचते. पण हे सांगून पटेना, तेव्हा मी शब्दकोश काढला. आमच्या घरी वाद मिटवायची हीच रीत आहे.

'पेन' आले लॅटिन 'पेन्ना'वरून. पेन्ना म्हणजे पीस. युरोपात शतकानुशतके पक्ष्याच्या पिसाला टोक काढून लिहीत असत. आता गंमत पाहा. या पेन्नाचे मूळ 'उडणे' अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत सापडते, तोच संस्कृतात 'पत्' म्हणून उतरला आहे. त्यातूनच आपले 'पत्र' आले. पत्र म्हणजे पंख, पीस; मग झाडाचे पान; आणि पानावर लिहीत म्हणून चिठ्ठीसुद्धा! थोडक्यात, पेन आणि पत्र ही चुलत भावंडे. पेन्सिल मात्र या कुळातली नव्हे. ती छोट्या कुंचल्याच्या लॅटिन नावावरून आली, आणि तिची भावकी थेट पेनिसिलीनशी.

पेन्ना सिंगापुरातही वेगळ्या वाटेने पोहोचली आहे. मलयमध्ये लेखणीला 'पेना' म्हणतात, तो शब्द पोर्तुगिजांनी दिलेला. मलय शाई म्हणजे 'दाक्वात', अरबीतून आलेली आपली दौतच! आणि ग्रंथालयाच्या 'पेरपुस्ताकाआन' या मलय नावात आपले 'पुस्तक' बसलेले आहे.

सारखेपणा दिसला म्हणजे नाते असतेच असे नाही, हेही मुलीला सांगितले. स्क्रिप्ट, प्रिस्क्रिप्शन आणि (काही सभासदांचे थकलेले) सब्स्क्रिप्शन हे सारे लॅटिन 'स्क्रीबेरे'चे वंशज. सब्स्क्रिप्शनचा मूळ अर्थ खाली लिहिणे, म्हणजे सही करणे. स्क्रीबेरेच्या मुळाशी अर्थ आहे ओरखडणे, कोरणे; आणि आपल्या 'लिहिणे'मागच्या 'लिख्' धातूचाही तोच. पण हे दोन धातू निराळे. माणसाने दोन ठिकाणी आधी ओरखडले आणि मग त्यालाच लिहिणे म्हटले, इतकेच. असे कोरलेले इथे पाहायचे तर नॅशनल म्युझियममध्ये 'सिंगापूर स्टोन'चा तुकडा आहे. नदीच्या मुखाशी असलेली ती शिळा १८४३ साली सुरुंगाने उडवली गेली. उरलेल्या तुकड्यावर अक्षरे आहेत, पण त्यांचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. लिहिणारे गेले, वाचणारेही गेले.

हे ऐकून मुलगी जरा वेळ गप्प बसली आणि तिने पुन्हा पेन उचलले. पत्र सोमवारी टाकले. त्यात आजीच्या हातची 'पुरणपोली' फार आवडते असे लिहिले आहे. मी ते दुरुस्त केले नाही.