करार झाला, पण मैदान कुठं आहे?

मार्च २०१७. गोव्यात बांबोळीच्या मैदानावर संतोष करंडक फुटबॉल स्पर्धेची उपांत्य लढत रंगली होती, समोर केरळ. गोव्याने २-१ अशी बाजी मारली आणि दोन्ही गोल लिस्टन कुलासो या अठरा वर्षांच्या पोराने केले. साळगावकर क्लबचा हा मुलगा दावर्लीचा. अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी बंगालच्या मनवीर सिंगने गोल केला आणि करंडक कोलकात्याला गेला. पण गोवेकर लिस्टनचं नाव घेतच घरी परतले. त्याच वर्षी एफसी गोवा या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) क्लबने लिस्टनला करारबद्ध केलं आणि मनवीरलाही. गावात पेढे वाटावेत अशीच ही बातमी.

त्यानंतरची अडीच वर्षं लिस्टन बहुतेक वेळ बाकावर बसून होता.

तो कमी पडला म्हणून नव्हे. त्या संघात पुढच्या फळीत कोरो होता. फेरान कोरोमिनास या स्पॅनिश खेळाडूने तीन हंगामांत ५७ सामन्यांत ४८ गोल केले. कडेने ब्रँडन फर्नांडिस, जॅकीचंद सिंग, मंदार राव देसाई असे पक्के झालेले गडी होते. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा संघ देखणा खेळायचा आणि जिंकायचाही. जिंकणाऱ्या संघाला कुठला प्रशिक्षक हात लावील? पोरगा रोज सराव करायचा, कधी बसमधून संघाबरोबर जायचा, अंगावर जर्सी चढवायचा, आणि सामना संपला की पायाला घाम न लागताच परत यायचा.

आमचं विजयदुर्ग दोन फुटबॉलवेड्या मुलखांच्या मधोमध आहे. तळेऱ्याला जाऊन गगनबावड्याचा घाट चढलात की कोल्हापूर. महामार्ग धरून दक्षिणेला उतरलात की सावंतवाडी, बांदा आणि मग गोवा. आमच्याकडे मात्र पोरांच्या हातात टेनिस बॉलची बॅट, नाहीतर कबड्डी. वाघोटणच्या खाडीकाठी ओहोटी लागली की ओल्या वाळूवर चार चपला रोवून गोल उभे राहतात आणि भरती येईपर्यंत सामना चालतो. अलीकडे मोबाइलवर सामने बघून मुलं फुटबॉलकडे वळू लागली आहेत. निवड चाचणीला गोव्याला पाठवू का, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घालू का, असं पालक विचारू लागले आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे करारावरची सही असते. सहीनंतर काय, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी साधा हिशेब बघू. आयएसएलच्या २०१९-२० च्या हंगामात दहा संघ होते, म्हणजे साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने. २०२०-२१ मध्ये अकरा संघ झाले आणि सामने वीस. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये एक संघ साखळीतच चौतीस ते अडतीस सामने खेळतो, वर दोन-तीन चषक स्पर्धा. तिथे प्रशिक्षकाला माणसं आलटून पालटून खेळवावीच लागतात. आपल्याकडे वीस सामन्यांतले चार हरले की प्रशिक्षकाची खुर्ची डळमळते. असा माणूस एकोणीस वर्षांच्या पोरावर पैज कशाला लावील?

त्यात परदेशी खेळाडूंचा प्रश्न. २०१४ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी मैदानात उतरू शकत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. ही कपात चांगलीच झाली, पण राहिलेल्या चार जागा कुठल्या, हे पाहा. पैसा मोजून आणलेला परदेशी गडी सहसा मधल्या बचावात, मध्यरक्षणात आणि गोल करण्याच्या जागी उभा राहतो. म्हणजे आघाडीला खेळणाऱ्या भारतीय मुलाच्या वाटेतच तो उभा. डाव्या बचावपटूला संधी मिळते, गोल करणाऱ्याला वाट पाहावी लागते. भारताला सुनील छेत्रीनंतर गोल करणारा का मिळत नाही, याची कारणं शोधायला फार लांब जायला नको.

बदली खेळाडूंचा नियम बदलला, त्याचा थोडा आधार झाला. करोनाच्या काळात २०२० मध्ये तीनऐवजी पाच बदल करायची मुभा मिळाली आणि पुढे ती कायम झाली. त्यातून मिळतात ती शेवटची दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात पायाला चेंडू लागला तर लागला.

गोव्यात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान तिनेच केलं. पूर्वी गोव्यातल्या मुलाला एका संघात जागा नाही मिळाली तर शेजारचा होता. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा असे चार-चार क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये खेळत. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. वरची आयएसएलची पायरी राहिली, खालची स्थानिक लीगची राहिली, मधली गेली. लिस्टनने एफसी गोवाशी करार केला तो ही पडझड झाल्यानंतर लगेचच.

मग तो सुटला कसा? जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबाद एफसीकडे गेला. त्या हंगामात हा संघ तळाला होता. वरवर पाहता हा उतारच, अव्वल संघ सोडून शेवटच्या संघात जायचं. पण तिथे खेळायला मिळणार होतं. फेब्रुवारीत नॉर्थईस्ट युनायटेडवर हैदराबादने ५-१ असा विजय मिळवला, त्यात लिस्टनचे दोन गोल होते. पुढच्या हंगामात मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाने त्याला नियमित उतरवलं. मार्च २०२१ मध्ये तो भारताच्या संघात आला आणि त्याच वर्षी एटीके मोहन बागानने हस्तांतर शुल्क मोजून त्याला नेलं. तिथे पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये आठ गोल केले. बांबोळीत त्याला हरवणारा मनवीरही तोवर गोवा सोडून त्याच क्लबात पोचला होता. एकाच क्लबच्या बाकावर बसलेले हे दोघे कोलकात्यात एकाच आघाडीत खेळले.

पायात खेळ तोच होता. बदलली ती मिळालेली मिनिटं.

परदेशात गेलेल्यांची कहाणी याहून कठीण आहे. सासष्टीतल्या असोळणेचा रोमिओ फर्नांडिस २०१४ मध्ये एफसी गोवाकडून झिको यांच्या हाताखाली खेळला. झिको म्हणजे ब्राझीलचा दैवतासारखा मानलेला खेळाडू. त्यानंतर २०१५ च्या सुरुवातीला रोमिओला ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरातल्या अतलेतिको परानाएन्से या क्लबने उसना घेतला. अख्ख्या गोव्याला अभिमान वाटावा अशी ही घटना होती. तिथे त्याच्या नावावर एक सामना लागला, तोही बदली खेळाडू म्हणून. काही महिन्यांत तो परतला. ज्या देशात गल्लोगल्ली त्याच्या तोडीची मुलं आहेत, तिथे भारतातून आलेल्या मुलाला प्रशिक्षकाने का थांबून पाहावं? तरीही तो गेला, एकदा का होईना उतरला, याचं मोल मला कमी वाटत नाही.

खुद्द छेत्रीलाही हे चुकलं नाही. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला आणि लीगचा एकही सामना न खेळता परतला, चषक स्पर्धेत एकदाच उतरला. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबशी करार झाला, तर त्याला ब संघात धाडलं गेलं आणि तिथेही मोजून तीन सामने मिळाले. २०१३ च्या सुरुवातीला तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे उसना म्हणून आला आणि त्याच हंगामात चर्चिलने आय-लीग जिंकली. पोर्तुगालमध्ये अडून बसला असता तर त्या वयातली दोन वर्षं गेली असती. क्लबचं नाव केवढं, यापेक्षा पाय मैदानात आहेत की नाहीत, हे त्याने वेळीच ओळखलं.

आता घाट चढून कोल्हापूरला येऊ. तिथे फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची झुंज लागली की दगडी पायऱ्या भरून जातात आणि हलग्या घुमतात. तिथला चांगला खेळाडू सोळाव्या-सतराव्या वर्षी हजारो माणसांसमोर खेळलेला असतो. असा मुलगा मोठ्या क्लबात जाऊन गप्प बसतो तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल, याचा विचार करायला हवा.

अनिकेत जाधव हा या मातीतला. २००० सालचा जन्म, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो दिल्लीत भारताच्या आघाडीवर होता. भारत तिन्ही सामने हरला, अमेरिका, कोलंबिया आणि घानाकडून. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने या मुलांना विखरू दिलं नाही. इंडियन अ‍ॅरोज नावाचा, एकही परदेशी खेळाडू नसलेला संघ आय-लीगमध्ये उतरवला. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर ३-० असा विजय, त्यात अनिकेतचे दोन गोल. हरले तरी दर आठवड्याला खेळायचं, एवढाच त्या संघाचा हेतू होता. भारतीय फुटबॉलने गेल्या काही वर्षांत घेतलेल्या निर्णयांतला हा सर्वांत शहाणपणाचा होता, असं माझं ठाम मत आहे.

पुढे अनिकेत इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तीन महिने सरावाला जाऊन आला. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा. मात्र तिथे सराव करणं वेगळं आणि करार मिळणं वेगळं. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूच्या परवान्याचं गणित त्याच्या देशाच्या जागतिक क्रमवारीशीही बांधलेलं आहे आणि भारत त्यात बराच खाली. परत आल्यावर तो २०१९ मध्ये जमशेदपूरला आणि २०२१ मध्ये हैदराबादला गेला. अ‍ॅरोजमध्ये आघाडीची जागा त्याची होती. हैदराबादला त्या जागेवर नायजेरियाचा ओग्बेचे होता, ज्याने त्या हंगामात अठरा गोल केले. कोल्हापूरचा स्ट्रायकर मग कडेने खेळायला शिकला. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय संघाचं बोलावणंही आलं. जागा बदलायची तयारी ठेवली म्हणून त्याच्यासाठी दार उघडलं.

त्याच महिन्यात, २० मार्च २०२२ ला, गोव्यातल्या फातोर्ड्याला आयएसएलचा अंतिम सामना झाला. हैदराबादसमोर केरळ ब्लास्टर्स. ६८व्या मिनिटाला केरळच्या राहुल केपीने गोल केला. तोही २०१७ च्या विश्वचषक संघातला, अनिकेतचा सवंगडी. वेळ संपत आली. तेवढ्यात बाकावरून उठून आलेल्या साहिल तावोरा या गोव्याच्याच मध्यरक्षकाने ८८व्या मिनिटाला चेंडू जमिनीवर टेकू न देता मारला आणि बरोबरी साधली. पेनल्टीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने पहिल्यांदा करंडक उचलला. साहिल त्या दिवशी सुरुवातीच्या अकरांत नव्हता.

बाकावरच्या मुलाचा दिवस टीव्हीवर दिसत नाही. रंगीत बिब घालून तो गोलखांबामागे धावत अंग गरम करतो. प्रशिक्षकाचा सहायक हात वर करतो, चार मुलं वळून पाहतात, बोलावणं एकालाच असतं. बाकीचे पुन्हा धावू लागतात. शेवटची शिट्टी वाजते, प्रेक्षक उठतात, दिवे अजून चालू असतात, आणि रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर न खेळलेल्यांना शारीरिक प्रशिक्षक आडव्या धावा काढायला लावतो, कारण सामन्यात जी दमछाक व्हायला हवी होती ती कुठून तरी भरून काढायची असते. पण सरावात दमलेला आणि सामन्यात दमलेला, यांत फरक राहतोच. धक्का खाऊन तोल सावरणं, चुकलेल्या पासनंतर पुन्हा चेंडू मागणं, हे सरावात येत नाही.

नियमांचं संरक्षण आहे का? फिफाच्या नियमावलीत तरतूद आहे. मुरलेला व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरला, तर ‘क्रीडाविषयक सबळ कारण’ दाखवून तो करार मोडू शकतो. त्यासाठी शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांचीच मुदत असते. यातली मेख ‘मुरलेला’ या अटीत आहे. ज्याचा प्रशिक्षणकाळ पुरा झालेला नाही, अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ही वाट सहसा मोकळी नसते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच कवच नाही.

त्याच्यासाठी दोनच मार्ग उरतात. एक, लोनवर म्हणजे उसना म्हणून दुसऱ्या क्लबात जाणं. दुसरा, राखीव मुलांची स्पर्धा. २०२२ मध्ये रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग गोव्यात सुरू झाली. प्रामुख्याने एकवीस वर्षांखालच्या मुलांची ही लीग उपकारक आहेच, पण मोठ्या माणसांशी खांदा भिडवण्याची सवय तिथे लागत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएलच्या आयोजकांनी हंगामच लांबणीवर टाकला, तेव्हा तर अकरा जणांचं आणि बाकावरच्यांचं दुःख एकच झालं.

आपल्या मुलाला बोलावणं आलं तर पाठवा, जरूर पाठवा. सही करण्यापूर्वी पगाराइतकंच आणखी काही विचारा. त्याच्या जागेवर आत्ता कोण खेळतो, आणि तो परदेशी आहे का? गेल्या हंगामात एकवीस वर्षांखालची किती मुलं प्रत्यक्ष मैदानात उतरली, आणि किती मिनिटं? वर्षभर खेळायला मिळालं नाही तर लोनवर सोडण्याचं लेखी कलम करारात आहे का? क्लबाचा दुसरा संघ कुठल्या लीगमध्ये खेळतो आणि वर्षाला किती सामने? उत्तरं गुळमुळीत आली, तर लहान क्लब निवडा, खालची लीग निवडा, पण मुलाला खेळतं ठेवा.